‘आम्ही’ आणि ‘आपण’ : अखिल-आफ्रिकी चळवळीच्या आरंभीच्या निवेदनांचा एक विचार

एखाद्या चळवळीचा इतिहास म्हणजे तिच्या पुढाऱ्यांची चरित्रे, परिषदांच्या तारखा आणि संमत झालेले ठराव यांची कालानुक्रमे केलेली मांडणी, अशी समजूत आपल्या अभ्यासक्रमांत बरीच रूढ आहे. अखिल-आफ्रिकी चळवळीच्या बाबतीत अशी मांडणी करणे अवघडही नाही. हेन्री सिल्व्हेस्टर विल्यम्स, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, मार्कस गार्व्ही, जॉर्ज पॅडमोर आणि क्वामे एन्क्रुमा ही नावे, आणि १९००, १९१९, १९२१, १९२३, १९२७ व १९४५ ही साले एकदा सांगितली की चौकट सिद्ध होते. परंतु या पद्धतीत एक उणीव राहून जाते. परिषदांनी जी निवेदने काढली ती केवळ माहितीची साधने ठरतात. त्यांचा भाषिक कृती म्हणून विचार होत नाही. निवेदन म्हणजे कोणीतरी कोणाला तरी उद्देशून बोलणे होय. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो या बोलण्यात कोठे उभा आहे, हे प्रश्न व्याकरणाचे आहेत तितकेच राजकारणाचेही आहेत. या प्रश्नांच्या अनुरोधाने उपर्युक्त निवेदने वाचून पाहावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

मराठी वाचकास या कामी एक सोय उपलब्ध आहे. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम एकच आहे. ते ऐकणाऱ्याला आपल्यात घेते की वगळते, हे प्रसंगावरून ताडावे लागते. मराठीत हे काम दोन सर्वनामांनी वाटून घेतले आहे. ‘आम्ही जातो’ असे म्हटले की ऐकणारा मागे राहतो. ‘आपण जाऊ’ असे म्हटले की तो बरोबर येतो. गुजराती, तेलुगू, तमिळ इत्यादी भाषांतही हा भेद आहे, आणि प्रत्यक्ष आफ्रिकेत पश्चिमेकडील फुला भाषेत तो स्पष्टपणे आढळतो. ज्या इंग्रजीत या चळवळीची बहुतेक निवेदने लिहिली गेली तिच्यात मात्र तो नाही. साहजिकच ही निवेदने मराठीत आणू पाहणाऱ्यास प्रत्येक ठिकाणी थांबून विचारावे लागते, की येथे ‘आम्ही’ लिहावे की ‘आपण’? मूळ लेखकास जो निर्णय घ्यावा लागला नव्हता तो अनुवादकास घ्यावा लागतो.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. मराठीतील ‘आपण’ हे जसे समावेशक प्रथमपुरुषी सर्वनाम आहे तसेच ते आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. सरकारदरबारी अर्ज करणारा ‘आपण कृपावंत होऊन विचार करावा’ असे लिहितो आणि सभेतील वक्ता ‘आपण एकजुटीने उभे राहू’ असे म्हणतो. पहिल्या ‘आपण’मध्ये सत्ताधारी आहे, दुसऱ्यात सभा आहे. अखिल-आफ्रिकी चळवळीच्या पहिल्या अर्धशतकाचा प्रवास या दोन ‘आपण’ंमधील अंतराचा प्रवास आहे, असे मला वाटते.

२

प्रथम चळवळीच्या नावाचाच विचार करू. ‘पॅन’ हे ग्रीक उपपद लावून बनलेली राजकीय नामे एकोणिसाव्या शतकात युरोपात प्रचलित झाली. अखिल-स्लाव चळवळ, जिची परिषद १८४८ साली प्राग येथे भरली, किंवा अखिल-जर्मन चळवळ यांच्या मुळाशी भाषेचे नाते होते. स्लाव भाषा परस्परांच्या भगिनी आहेत हे भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आणि त्या भगिनीत्वावर राजकीय ऐक्याची इमारत उभी करण्याचा प्रयत्न झाला. अखिल-आफ्रिकी चळवळीने हेच उपपद घेतले, परंतु तिच्यापाशी तसा आधार नव्हता. आफ्रिका खंडात शेकडो भाषा. अटलांटिकपलीकडे नेलेल्या गुलामांच्या वंशजांच्या मुखी इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश व पोर्तुगीज, अथवा त्यांतून घडलेल्या क्रिओल बोली. ज्या भाषेत एकत्र बोलावयाचे ती भाषा ज्याच्याविरुद्ध बोलावयाचे त्याची. समान होते ते भाषिक वारशाच्या लोपाचे दुःख आणि वर्णामुळे वाट्यास आलेली समान वागणूक. म्हणून येथे ‘आम्ही कोण’ याचे उत्तर भाषेने आयते दिलेले नव्हते. ते बोलण्यातून घडवावे लागले. सर्वनामांचा विचार या चळवळीच्या संदर्भात क्षुल्लक ठरत नाही, तो यामुळेच.

ही अडचण पूर्वसूरींनाही जाणवली होती. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले धर्मोपदेशक अलेक्झांडर क्रमेल लायबेरियात सुमारे वीस वर्षे राहिले. १८६० साली तेथे दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी इंग्रजी भाषा ही ईश्वरी योजनेने गुलामांच्या वंशजांच्या पदरात पडलेली देणगी आहे, असे प्रतिपादन केले आणि आफ्रिकी भाषा तिच्या तुलनेत दरिद्री ठरविल्या. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय निराधार आहे हे सांगावयास नको. परंतु पारतंत्र्यातील सुशिक्षिताची मनःस्थिती त्यात नेमकी उमटली आहे. क्रमेल यांचे समकालीन एडवर्ड विल्मट ब्लायडन यांची दिशा वेगळी होती. सेंट टॉमस बेटावर १८३२ साली जन्मलेले ब्लायडन तरुणपणीच लायबेरियात आले, अरबी शिकले व ती त्यांनी तेथील महाविद्यालयात शिकविली. आणि १८८१ साली त्याच महाविद्यालयाचे अध्यक्षपद स्वीकारताना अरबी व प्रमुख आफ्रिकी भाषा अभ्यासक्रमात असाव्यात असा आग्रह त्यांनी धरला. खंडाच्या अंतर्भागातील लोकांशी बोलावयाचे तर त्यांची भाषा आली पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. कोणाशी बोलावयाचे, या प्रश्नाची ही पहिली जाण होय. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्ती धर्म, इस्लाम व कृष्णवर्णीय वंश यांविषयीच्या त्यांच्या ग्रंथाने पुढील पिढीवर मोठा परिणाम केला. तथापि तोही ग्रंथ इंग्रजीतच लिहिला गेला, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

३

चळवळीस नाव व रूप देण्याचे श्रेय त्रिनिदादहून आलेले कायद्याचे विद्यार्थी हेन्री सिल्व्हेस्टर विल्यम्स यांना दिले पाहिजे. १८९७ साली त्यांनी लंडन येथे आफ्रिकन असोसिएशन स्थापन केली. त्या कामी दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या ॲलिस किनलॉक या स्त्रीचा मोठा हात होता. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत मजुरांना कुंपणाआड कोंडून ठेवण्याची जी पद्धत होती तिच्याविषयी त्या इंग्लंडमध्ये व्याख्याने देत असत. या संस्थेच्या प्रयत्नांतून २३ ते २५ जुलै १९०० या दिवशी वेस्टमिन्स्टर टाउन हॉलमध्ये परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमेरिकेतील बिशप अलेक्झांडर वॉल्टर्स होते. ॲना ज्यूलिया कूपर यांसारख्या विदुषी, संगीतकार सॅम्युएल कोलरिज-टेलर, हैतीचे बेनितो सिल्व्हेन अशी मंडळी उपस्थित होती. प्रत्यक्ष आफ्रिकेतून आलेले प्रतिनिधी मात्र थोडे होते. निवेदन तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद बत्तीस वर्षांच्या ड्यू बॉइस यांच्याकडे होते.

हे निवेदन जगातील राष्ट्रांना उद्देशून आहे, आणि विसाव्या शतकापुढील मुख्य प्रश्न वर्णभेदाच्या रेषेचा आहे, हे ड्यू बॉइस यांचे प्रसिद्ध सूत्र त्यात येते. या सूत्राच्या तेजामुळे निवेदनाच्या उर्वरित रचनेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः ती रचना फार बोलकी आहे. आरंभी आफ्रिकी रक्ताच्या स्त्री-पुरुषांची एक परिषद भरली असल्याचे तृतीयपुरुषी वर्णन येते. मध्यभागी मराठीतील विध्यर्थाशी जुळणाऱ्या वाक्यांची एक मालिका आहे : ब्रिटिश राष्ट्राने विल्बरफोर्स प्रभृतींचे कार्य पूर्णत्वास न्यावे व वसाहतींना जबाबदार राज्यपद्धतीचे हक्क द्यावेत, जर्मन साम्राज्याने व फ्रेंच प्रजासत्ताकाने न्यायाचे महत्त्व ओळखावे, हैती, लायबेरिया व अबिसीनिया या राज्यांच्या स्वातंत्र्याचा सर्व राष्ट्रांनी मान राखावा. आणि याच मालिकेत, याच प्रयोगात, एक वाक्य स्वजनांविषयी येते : त्या राज्यांच्या रहिवाशांनी, आफ्रिकेतील स्वतंत्र जमातींनी, वेस्ट इंडीज व अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी धीर धरावा आणि अखंड प्रयत्न करावा. शेवटी ‘आम्ही’ प्रकट होतो, तो सुसंस्कृत जगाच्या महासत्तांना आवाहन करण्यासाठी.

याचा अर्थ असा की ज्यांच्या वतीने हे निवेदन बोलते ते लोक त्यात तृतीयपुरुषात उभे आहेत. त्यांना उपदेश आहे, पण तोही सत्तांच्या समक्ष, सत्तांना ऐकू जाईल अशा रीतीने केलेला. हे लाचारीचे लेखन नव्हे. त्याचा स्वर धर्मवेत्त्याचा आहे आणि युरोपला त्याच्याच नीतितत्त्वांची आठवण करून देण्याचे धैर्य त्यात आहे. परंतु यातील ‘आम्ही’ हा निःसंशय मराठीतील ‘आम्ही’ आहे. ऐकणारा त्याच्या बाहेर आहे, आणि ज्यांच्यासाठी बोलावयाचे तेही त्यात पुरते आलेले नाहीत. राणी व्हिक्टोरियास पाठविलेल्या विनंतिपत्रात परिषदेने दक्षिण आफ्रिकेतील कोंडवाड्यांचा, सक्तीच्या मजुरीचा व परवान्यांच्या जाचाचा पाढा वाचला. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्या खात्यामार्फत आलेल्या उत्तरात तेथील मूळ रहिवाशांचे हित दृष्टिआड होणार नाही, असे आश्वासन होते. आश्वासन मिळाले आणि व्यवहार पूर्ववत् चालू राहिला.

अशी भाषा त्या काळी केवळ आफ्रिकी पुढाऱ्यांचीच होती असे नाही. त्याच लंडनमध्ये १९०१ साली दादाभाई नौरोजी यांचा जो सुप्रसिद्ध ग्रंथ निघाला, त्याच्या शीर्षकातच हिंदुस्थानातील राज्यकारभारास ‘अ-ब्रिटिश’ हे विशेषण लाविले आहे. राज्यकर्त्यांच्या अंगी न्यायबुद्धी आहे आणि प्रत्यक्ष कारभार तिच्याशी विसंगत आहे, ही भूमिका दोन्ही ठिकाणी एकच. अर्जदाराने सत्ताधाऱ्यास ‘आपण’ म्हणावे आणि त्या ‘आपण’ने स्वतःच्या थोरवीस जागावे, अशी ही अपेक्षा होती.

४

महायुद्धानंतर ड्यू बॉइस यांनी १९ ते २१ फेब्रुवारी १९१९ या दिवशी पॅरिस येथे परिषद भरविली. शांतता परिषद तेथेच चालू होती. सेनेगलचे प्रतिनिधी म्हणून फ्रेंच लोकसभेत निवडून गेलेले ब्लेझ डियान्य यांनी पंतप्रधान क्लेमांसो यांची अनुमती मिळविली म्हणूनच परिषद भरू शकली. ५७ प्रतिनिधी जमले. या परिषदेच्या ठरावांत आफ्रिकेतील लोकांचा उल्लेख सर्वत्र ‘तेथील रहिवासी’ असाच येतो. त्यांच्या जमिनी राखल्या जाव्यात, त्यांना शिक्षण मिळावे, त्यांच्या विकासाच्या मानाने त्यांना राज्यकारभारात भाग मिळावा, अशा मागण्या आहेत. एकोणीस वर्षांनंतरही स्वजन तृतीयपुरुषातच राहिले.

१९२१ साली लंडन, ब्रुसेल्स व पॅरिस अशा तीन नगरांत परिषदेची अधिवेशने झाली, आणि तेथे ‘आम्ही’चा प्रश्न उघड भांडणाच्या रूपाने पुढे आला. लंडनच्या निवेदनात बेल्जियमच्या वसाहती कारभारावर टीका होती. ब्रुसेल्समध्ये ती मांडण्यास अध्यक्षस्थानी असलेल्या डियान्य यांनी विरोध केला. या संघर्षाचे वर्णन बहुधा मवाळ व जहाल यांच्यातील वाद असे केले जाते. ते अपुरे वाटते. डियान्य यांचा ‘आम्ही’ हा फ्रेंच नागरिकाचा ‘आम्ही’ होता. फ्रान्सने समान नागरिकत्वाचे जे अभिवचन दिले होते त्यावर त्यांचा विश्वास होता. ड्यू बॉइस यांचा ‘आम्ही’ वर्णरेषेने आखून दिलेला होता. एकाच व्यासपीठावरून, दोन निरनिराळ्या भाषांत, एकच सर्वनाम दोन भिन्न समुदायांसाठी उच्चारले जात होते.

येथेच चळवळीच्या इतिहासलेखनातील एका दोषाकडेही लक्ष वेधले पाहिजे. परिषदांचे क्रमांक १९१९ पासून मोजले जातात आणि त्यामुळे १९४५ ची मँचेस्टर येथील परिषद पाचवी ठरते. या गणनेत १९०० ची परिषद बसत नाही, आणि १९११ साली त्रिनिदादमध्ये निधन पावलेले विल्यम्स हे केवळ पूर्वपीठिकेतील एक नाव होऊन राहतात. ड्यू बॉइस यांची थोरवी कोणीही नाकारणार नाही. परंतु एकाच पुरुषास चळवळीचे जनकत्व बहाल केले की तिचा उगम एका मनात झाला असे वाटू लागते. वस्तुस्थिती अशी की स्वतः ड्यू बॉइस १९२३ च्या अखेरीपर्यंत आफ्रिकेत गेले नव्हते.

५

परिषदांच्या या परंपरेबाहेर याच सुमारास एक वेगळा आवाज उठला. जमेकातील मार्कस गार्व्ही (१८८७–१९४०) यांनी १९१४ साली ॲमी ॲशवुड यांच्या साहाय्याने आपली संस्था स्थापन केली आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये तिला विराट रूप दिले. १९१८ साली निघालेल्या त्यांच्या साप्ताहिकात काही काळ फ्रेंच व स्पॅनिश विभागही असत. कित्येक वसाहती सरकारांनी त्यावर बंदी घातली, यावरून ते कोणाच्या हाती पडत होते हे कळते. ऑगस्ट १९२० मधील महाअधिवेशनाने हक्कांचा जो ५४ कलमी जाहीरनामा काढला त्यात प्रथम तक्रारी आहेत, नंतर हक्कांची घोषणा व मागण्या आहेत. त्याचा साचा अर्थात् जुन्या जाहीरनाम्यांचाच आहे. परंतु तो राजवाड्याच्या दाराशी नेऊन द्यावयाचा कागद नव्हता; तो भरगच्च सभेत वाचून स्वजनांनीच संमत करावयाचा होता.

या जाहीरनाम्यातील एक कलम भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये असे आहे. ‘नीग्रो’ हा शब्द, जो आज आपण केवळ ऐतिहासिक संदर्भात वापरतो, इंग्रजीत लिहिताना त्याचे आद्याक्षर मोठे असावे, अशी मागणी त्यात होती. हाच आग्रह ड्यू बॉइस यांचाही होता. या दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांचे जे थोडे मतैक्य होते त्यात हे एक. नागरी लिपीत मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे या मागणीचे मराठीत भाषांतरच होऊ शकत नाही. परंतु इंग्रजीच्या लेखनव्यवस्थेत सामान्यनाम व विशेषनाम यांतील भेद याच एका रेघेने होतो. वस्तूप्रमाणे लिहिले जाणारे नाव जनसमूहाच्या नावाप्रमाणे लिहिले जावे, असा त्या मागणीचा अर्थ होता.

गार्व्ही यांच्या व्यवहाराचा शेवट दुर्दैवी झाला. १९१९ साली काढलेली जहाज कंपनी बुडाली, टपालाद्वारे फसवणूक केल्याच्या आरोपावरून १९२३ साली त्यांना दोषी ठरविण्यात आले आणि १९२७ साली अमेरिकेतून हद्दपार करण्यात आले. आफ्रिकेला परत चला असे सांगणाऱ्या या पुरुषाने आफ्रिकेच्या भूमीवर कधीही पाऊल ठेवले नाही. असे असूनही, ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांच्याशीच बोलण्याची रीत या चळवळीत प्रथम मोठ्या प्रमाणावर त्यांनीच रूढ केली, हे मान्य करावे लागते. त्यांच्या बोलण्यात मराठीतील दुसरा ‘आपण’ ऐकू येतो.

६

या दोन धारांचा संगम मँचेस्टर येथे १५ ते २१ ऑक्टोबर १९४५ या दिवसांत झाला. मधल्या काळात १९३५ साली इटलीने इथिओपियावर आक्रमण केले होते, आणि राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जांचे मोल काय हे सर्वांना दिसले होते. परिषदेचे संघटक पॅडमोर, मॅकॉनेन, मिलियर्ड, केन्याटा व एन्क्रुमा हे होते. यांपैकी कित्येकांनी नावे बदलली होती, ही गोष्ट दृष्टीआड करण्याजोगी नाही. त्रिनिदादचे माल्कम नर्स हे जॉर्ज पॅडमोर झाले. ब्रिटिश गियानातील ग्रिफिथ यांनी रास मॅकॉनेन हे इथिओपियन नाव घेतले. फ्रान्सिस एन्क्रुमा हे क्वामे एन्क्रुमा झाले. केन्याटा यांचा तर भाषाशास्त्राशी प्रत्यक्ष संबंध आला होता. लंडनमध्ये ध्वनिशास्त्रज्ञ लिलियस आर्मस्ट्राँग यांनी किकुयू भाषेच्या ध्वनी व स्वराघातांचा जो अभ्यास केला, आणि जो १९४० साली त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने आला, त्यासाठी बोलून दाखविणारे भाषक केन्याटा हे होते. त्या वेळी ते अभ्यासविषय होते. मँचेस्टर येथे ते वक्ते होते.

परिषदेत कामगार संघटनांचे प्रतिनिधी मोठ्या संख्येने होते. पहिल्या दिवशी अध्यक्षस्थानी ॲमी ॲशवुड गार्व्ही होत्या, आणि सत्त्याहत्तर वर्षांचे ड्यू बॉइस अमेरिकेहून आले होते. येथे निवेदने निघाली ती एक नव्हे, दोन. एक वसाहतवादी सत्तांना उद्देशून होते. त्याचा मसुदा ड्यू बॉइस यांचा मानला जातो. दुसरे वसाहतींतील जनतेला उद्देशून होते. ते एन्क्रुमा यांनी लिहिले असे सांगतात. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जे एकाच कागदात, एकाच मालिकेत कोंबले गेले होते ते आता दोन कागदांत वेगळे झाले. सत्तांना सांगावयाचे ते सत्तांना, स्वजनांना सांगावयाचे ते स्वजनांना.

पहिल्या निवेदनात विध्यर्थ मागे पडून निर्धाराची क्रियापदे आली आहेत. आम्ही स्वतंत्र होण्याचे ठरविले आहे, आम्हाला शिक्षण पाहिजे, आम्ही मागणी करतो, असा त्याचा ओघ आहे. आणि बळाने राज्य करण्याचा हट्ट युरोपने सोडला नाही तर शेवटचा उपाय म्हणून आफ्रिकी जनांनाही बळाचा आश्रय करावा लागेल, असा इशारा त्यात दिला आहे. दुसऱ्या निवेदनात वसाहतींतील कामकरी व शेतकरी यांना द्वितीयपुरुषात संबोधिले आहे. संप आणि बहिष्कार ही तुमची शस्त्रे आहेत, असे त्यांना सांगितले आहे. आणि शेवटी एक व्हा ही आज्ञा आहे. हा समारोप मार्क्स व एंगल्स यांच्या जाहीरनाम्याच्या समारोपावरून घेतला आहे हे उघड आहे. १९०० च्या निवेदनाने धर्मपीठावरून आपला स्वर घेतला होता, १९४५ च्या निवेदनाने तो कामगार चळवळीकडून घेतला. दोन्ही स्वर युरोपीयच. परंतु एक राजाच्या विवेकास हाक मारतो, दुसरा प्रजेच्या सामर्थ्यास.

तरीही या दुसऱ्या निवेदनाविषयी अतिशयोक्ती करू नये. त्यात परिषद ‘आम्ही’ आहे आणि जनता ‘तुम्ही’ आहे. सुशिक्षितांना निराळे बोलावून, तुम्ही जनतेच्या संघटनेत सामील व्हा, असे बजावले आहे. म्हणजे ते अजून तीत नाहीत, हे गृहीतच आहे. शिवाय कागद इंग्रजीत आहे; ज्या शेतकऱ्यास ‘तुम्ही’ म्हटले त्याच्यापर्यंत तो दुभाष्यावाचून पोहोचणार नव्हता. स्वजन तृतीयपुरुषातून द्वितीयपुरुषात आले, ही मोठी क्रांती खरी. परंतु त्यांना प्रथमपुरुषात घेणे अद्याप बाकी होते.

७

अर्ज करावयाचा तो कोणाकडे, हा प्रश्न एका महाराष्ट्रीय पुरुषासही त्याच सुमारास पडला होता. संयुक्त राष्ट्रसंघाकडे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या एका संघटनेने अर्ज केल्याचे कळताच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांची व अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे की दुसरीचा अभ्यास आवश्यक ठरतो, असे त्यांनी कळविले. ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षीच्या ३१ जुलैच्या पत्राने उत्तर दिले, आणि पुढील वर्षी त्यांच्या संपादनाखाली विस्तृत निवेदन संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवण्यात आले. या पत्रव्यवहाराचा उल्लेख येथे केवळ अभिमानापोटी केलेला नाही. अर्ज हा वाङ्मयप्रकार १९४५ नंतर नाहीसा झाला नाही, हे त्यावरून दिसते. ज्यांना स्वतःच्या देशात बहुसंख्या नाही, त्यांना जगाच्या साक्षीची गरज राहतेच. वसाहतींतील बहुसंख्य लोक संपाचे व बहिष्काराचे शस्त्र उगारू शकत होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय व भारतातील अस्पृश्य यांची परिस्थिती भिन्न होती. म्हणून अर्जाच्या भाषेस सरसकट दुबळी म्हणणे समीक्षेच्या दृष्टीने उथळपणाचे होईल. कोणती भाषा कोणत्या स्थितीतून आली हे पाहूनच तिचे मोल ठरविले पाहिजे.

८

डिसेंबर १९५८ मध्ये स्वतंत्र घानाच्या राजधानीत, अक्रा येथे, अखिल-आफ्रिकी जनता परिषद भरली. ड्यू बॉइस यांना प्रकृतीमुळे उपस्थित राहता आले नाही. त्यांचे भाषण त्यांच्या पत्नी शर्ली ग्रॅहम ड्यू बॉइस यांनी वाचून दाखविले. १९०० साली जगातील राष्ट्रांना उद्देशून लिहिणाऱ्या या लेखकाने अट्ठावन्न वर्षांनी आफ्रिकी जनांना बांधव म्हणून साद घातली. या भाषणाचा अनुवाद करणाऱ्यास ‘आपण’ लिहिताना थांबावे लागणार नाही. १९६१ साली ते घानात राहावयास गेले आणि २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथेच निवर्तले.

त्याच वर्षी मे महिन्यात अदिस अबाबा येथे आफ्रिकी एकता संघटनेची सनद संमत झाली होती. तिच्या पहिल्याच वाक्यातील कर्ता पाहावा : आफ्रिकी राज्यांचे व सरकारांचे प्रमुख असे ‘आम्ही’. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेने निदान शब्दापुरते तरी लोकांना कर्तेपण दिले होते. येथे ते राज्यप्रमुखांनी स्वतःकडे घेतले. अर्जदाराचा ‘आम्ही’ गेला आणि राज्यकर्त्याचा ‘आम्ही’ आला. ऐकणारी जनता पुन्हा एकदा सर्वनामाच्या बाहेर. याच सनदेत कामकाजाच्या भाषांविषयीचे कलम आहे. त्यात आफ्रिकी भाषांचा उल्लेख इंग्रजी व फ्रेंच यांच्या आधी येतो, पण ‘शक्य असल्यास’ एवढ्या पुस्तीसह. ब्लायडन यांनी १८८१ साली धरलेला आग्रह त्या दोन शब्दांत अडकून पडला. या संघटनेच्या जागी आलेल्या आफ्रिकी संघाने २०२२ साली स्वाहिलीचा कामकाजाची भाषा म्हणून स्वीकार केला. त्या पुस्तीतून सुटण्याचे हे एक पाऊल आहे.

सारांश, या चळवळीचा आरंभकाळ पुढाऱ्यांच्या नामावळीने जितका कळतो त्याहून अधिक तिच्या बोलण्याच्या दिशेने कळतो. विल्यम्स व तरुण ड्यू बॉइस यांनी सत्तांकडे तोंड करून बोलण्याचे धैर्य दाखविले; गार्व्ही यांनी तोंड स्वजनांकडे वळविले; मँचेस्टरने दोन्ही श्रोत्यांस वेगवेगळे उभे करून दोघांशी वेगवेगळ्या भाषेत बोलणे केले. स्वजनांना प्रथमपुरुषात घेण्याचे काम मात्र स्वातंत्र्याने आपोआप होत नाही, हे १९६३ च्या सनदेने दाखवून दिले, आणि ही गोष्ट केवळ आफ्रिकेपुरती खरी नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी एखादे राजकीय निवेदन हाती घेताना त्यातील मागण्यांची यादी करण्याआधी त्यातील सर्वनामांखाली एकेक रेघ मारून पाहावी. निवेदन कोणाच्या वतीने व कोणाच्या अनुपस्थितीत लिहिले गेले याचा पुष्कळसा उलगडा तेथेच होईल.